वाचक विचारतात : गडद बव्हेरियन बिअर, नाशिकचं पाणी आणि जळकी चव

प्रश्न : जर्मनीहून आलेल्या भाच्यानं आयिंगरची ‘आल्टबायरिश डुंकेल’ आणली. रंग पाहून फार ‘स्ट्राँग’ असेल असं वाटलं, पण तशी लागली नाही. शिवाय ही ब्रुअरी अजून एकाच घराण्याकडे आहे म्हणतात, ते खरं का? (वाचक, इंदिरानगर)

उत्तर : रंगावरून अल्कोहोल ठरत नाही. या बिअरमध्ये ते ५ टक्के असतं. आपल्याकडची ‘स्ट्राँग’ ८ टक्क्यांपर्यंत जाते. गडदपणा येतो तो म्युनिक माल्टमधून. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. फिकट पिल्सनर माल्ट शेवटी साधारण ८०-८५ अंशांवर वाळवतात, म्युनिक माल्ट १०० ते १०५ अंशांवर. त्या उष्णतेत बार्लीतली साखर आणि अमिनो आम्लं एकत्र येऊन तपकिरी रंग तयार होतो, सोबत पावाच्या भाजलेल्या कडेसारखी चव. काहीही जाळावं लागत नाही.

घराण्याचं म्हणाल तर, हो. आयिंग हे म्युनिकच्या आग्नेयेला सुमारे २५ किलोमीटरवरचं गाव. योहान लिबहार्ट यांनी तिथे ब्रुअरी काढली, पहिली बिअर १८७८ मध्ये बाहेर पडली. आडनाव बदललं, पण आज ती त्यांच्याच वंशातल्या इन्सेलकामर कुटुंबाकडे आहे. डुंकेल म्हणजे गडद; तिकडे ही सणावाराची नव्हे, रोजची बिअर होती. म्युनिकच्या ‘श्पाटेन’ ब्रुअरीनं फिकट ‘हेलेस’ आणली ती १८९४ मध्ये.

प्रश्न : आमच्या मायक्रोब्रुअरीत ५०० लिटर डुंकेल केली. पिल्सनर माल्टमध्ये ६ टक्के भाजलेला काळा माल्ट घातला. रंग झकास आला, पण चव जळक्या कॉफीची, आणि थंड केल्यावर लोण्याचा वास. कुठं बिघडलं? (वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : दोन वेगळे दोष आहेत, त्यांची गल्लत करू नका. जळकी चव धान्याच्या यादीतून आली, लोण्याचा वास टाकीतून.

यादी उलटी करा. ५०० लिटरसाठी, धान्याच्या वजनाच्या ७२ टक्क्यांच्या आसपास उतारा धरून, म्युनिक माल्ट (गडद प्रकार) ८० किलो, पिल्सनर १३ किलो आणि साल काढलेला काळा माल्ट २ किलो. साल असलेला काळा माल्ट घेतलात तर राखेसारखा कडवटपणा जिभेवर राहतो. तो २ किलोसुद्धा मॅशच्या (गरम पाण्यात भिजवलेल्या माल्टच्या) अखेरीस घातला तरी चालतो, रंग तेवढाच मिळतो. द्रवाची सुरुवातीची घनता (आंबवण्याआधी) १.०५२ च्या आसपास यावी, शेवटची १.०१२ ते १.०१४. हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) हालरटाऊ जातीचे, ४ टक्के अल्फा आम्लाचे (कडवटपणा त्यातूनच येतो), सुमारे १.१ किलो, सगळे उकळीच्या सुरुवातीला. वासासाठी शेवटी मूठभर टाकायचा मोह आवरा. या बिअरमध्ये माल्ट पुढे आणि हॉप्स मागे.

जुनी पद्धत म्हणजे मॅशचा काही भाग काढून उकळायचा. सोय असेल तर एकदाच करा, तीनदा करण्याइतका आजचा माल्ट कच्चा नसतो. ३०० लिटर पाण्यात मॅश ६४ अंशांवर अर्धा तास ठेवा. मग तळाचा घट्ट भाग १०० ते ११० लिटर काढून ७२ अंशांवर १५ मिनिटं ठेवा आणि १५ ते २० मिनिटं उकळा. परत ओतला की सगळा मॅश ७२ च्या जवळ जातो. घट्ट भागच का? स्टार्चची साखर करणारी विकरं पातळ द्रवात जास्त असतात. तो उकळला तर तीच मरतात. उकळताना हात थांबला तर तळ करपतो, आणि पुन्हा तीच जळकी चव. परत ओतताना थोडं थोडं ओता. तापमान ७३ च्या वर जाऊ लागलं की थांबा, उरलेलं निवू द्या.

आता लोणी. हे डायॲसिटिल. यीस्ट आंबवताना त्याचं पूर्वरूप सोडतं, त्यातून डायॲसिटिल बनतं आणि नंतर यीस्टच ते साफ करतं. तुम्ही ते काम संपायच्या आत टाकी थंड केलीत. कोरडं लागर यीस्ट (थंडीत आंबवणारं) १२ अंशांवर ५०० ग्रॅम घाला. ९ अंशांवर सुरू करायचं असेल तर साधारण दुप्पट. १० ते १२ अंशांवर ठेवा. आंबवण्याचं तीन-चतुर्थांश काम झालं की १५ अंशांपर्यंत चढू द्या, दोन-तीन दिवस. मग चाचणी : दोन झाकणबंद नमुने घ्या, एक ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवून निववा, दुसरा तसाच. तापवलेल्यात लोणी आलं तर अजून थांबा. दोन्ही स्वच्छ आले की रोज एक-दोन अंश उतरवत शून्याकडे न्या आणि चार ते सहा आठवडे सोडा.

मे महिन्यात आणखी एक भानगड असते. साध्या पाण्यावरच्या प्लेट कूलरनं वर्ट (उकळलेला, अजून न आंबवलेला द्रव) तीसच्या खाली येत नाही. गरम असतानाच यीस्ट घालून ‘रात्रीतून थंड होईल’ म्हणू नका. फळांचा वास तिथेच धरतो. ग्लायकॉल चिलरला जनरेटरची जोड हवीच.

प्रश्न : बोअरचं पाणी चालेल की महापालिकेचं? (वाचक, सातपूर)

उत्तर : दोन्ही चालतील, पण आधी तपासणी करा. म्युनिकच्या पाण्यात कार्बोनेट बरंच आहे. गडद माल्टची आम्लता ते सोसते, म्हणून तिथे डुंकेल जमली आणि फिकट बिअर उशिरा जमली. त्यामुळे बोअरचं जड पाणी इथे शत्रू नाही. अल्कलिनिटी फारच जास्त असेल तर आरओचं पाणी मिसळा. मॅशचा पीएच, नमुना निववून मोजल्यावर, ५.३ ते ५.४ हवा; वर गेला तर थेंबाथेंबानं लॅक्टिक ॲसिड. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन काढलंच पाहिजे, नाहीतर औषधी वास येतो. ७०० लिटरला ७ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट पुरतं.

प्रश्न : घरच्या फ्रिजमध्ये १० लिटर करून पाहू का? (वाचक, पंचवटी)

उत्तर : नाही. परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा राज्याच्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, प्रमाण कितीही कमी असो.

प्रश्न : डुंकेल काळ्या मसाल्याच्या मिसळीबरोबर जमेल का? बर्फागत थंडच प्यायची ना? (वाचक, नाशिक रोड)

उत्तर : बर्फागत थंड केलीत तर माल्ट गप्प होतो. ८ ते १० अंश बरे. फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. मिसळीबरोबर आमच्यात एकमत नाही : माल्टची गोडी काळ्या मसाल्याला सावरते हे खरं, पण तर्री झणझणीत असली तर बिअरच्या बुडबुड्यांनी तिखट आणखी चढतं. मटणाच्या सुक्याबरोबर मात्र वाद नाही.