क्रिएटिव्ह कॉमन्स लायसनचे दुसऱ्यांचे व्हिडिओ आपल्या यूट्यूब चॅनेलवर टाकून पैसे मिळवता येतात का? ती चोरी ठरते का?

शेवटचं वाक्य तुम्ही लिहिलं नसतं तर मी उत्तर द्यायला बसलोच नसतो. चोरी ठरत नाही, कारण क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे बनवणाऱ्यानंच अटींवर इतरांना दिलेली वापरायची परवानगी. हे आधी लिहून टाकतो, कारण हाच शब्द माझ्या मेहुण्यानं तीन वर्षांपूर्वी त्यांच्या गावच्या म्हाईला (गावजेवणाला), भरल्या पंगतीत, माझ्या वाटीत तांबडा रस्सा ओतता ओतता उच्चारला होता. "आमचं दाजी आता दुसऱ्याचं व्हिडिओ चोरून लखपती हुणार हाईत." अख्खी भावकी हसली. सासरेही हसले. मी हसल्यासारखं केलं आणि पांढरा न पिता उठलो. कोल्हापुरात माणूस पांढरा सोडून उठला म्हणजे काय झालं असेल ते समजून घ्या.

उद्यमनगरात माझा छोटा गाळा आहे. दोन लेथ (जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, फिरवून कापायचं यंत्र), एक ड्रिल, एक जुना शेपर. जॉबवर्क मंद होतं तेव्हा रिकाम्या वेळात चॅनेल काढलं. यूट्यूबवर काही शोधलं की फिल्टरमध्ये 'क्रिएटिव्ह कॉमन्स' असा पर्याय येतो, तो तुम्हाला माहीत असेलच. त्यात जगभरचे लेथवाले सापडले. गॅरेजमध्ये एकटाच बसून पितळेचे भोवरे काढणारा कुणी, लाकडाचे वाडगे फिरवणारा कुणी. त्यातले चांगले चांगले तुकडे जोडून दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ केले, मागे संगीत लावलं. आणि हे महत्त्वाचं, खाली प्रत्येकाच्या मूळ व्हिडिओचं नाव, बनवणाऱ्याचं नाव, लिंक, लायसन, आणि मी काय कापलं-जोडलं ते, सगळं लिहिलं. एकाचंही नाव गाळलं नाही. यूट्यूबवर क्रिएटिव्ह कॉमन्सचा एकच प्रकार निवडता येतो, सीसी बाय. त्याची अट एवढीच की श्रेय द्या. कमाई करू नका असं त्यात कुठंही नाही, उलट कमाईला उघड परवानगी आहे. मी ते लायसन अक्षर न् अक्षर वाचलं होतं. मेहुण्यानं आजतागायत वाचलेलं नाही.

जाहिरातीच्या पैशांसाठी अर्ज करायला लागतात ते 1000 सबस्क्रायबर आणि लोकांनी व्हिडिओ बघितलेले 4000 तास अकरा महिन्यांत पूर्ण झाले, अर्ज टाकला. (500 ला आता अर्धा दरवाजा उघडतो, पण तिथं प्रेक्षकांनी दिलेले पैसे घेता येतात, जाहिरातीचे नाही.) त्याच आनंदात म्हाईला गेलो होतो आणि आपणहून सांगायला गेलो, ही माझी चूक. नंतर तीन आठवड्यांनी यूट्यूबचं उत्तर आलं: रीयूज्ड कंटेंट (दुसऱ्याचाच माल परत वापरलेला), अर्ज नामंजूर. बायकोच्या तोंडून बातमी माहेरी पोचायला अर्धा तासही लागला नाही. संध्याकाळी मेहुण्याचा फोन. "दाजी, दुसऱ्याच्या रानातला ऊस तोडून आपल्या नावानं गूळ इकायला गेलासा, मग काय हुणार?"

इथं बहुतेक लोकांची गल्लत होते, माझीही झाली होती, म्हणून नीट सांगतो. लायसन हा तुमचा आणि मूळ मालकाचा व्यवहार. जाहिरातीचे पैसे हा तुमचा आणि यूट्यूबचा व्यवहार. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. यूट्यूब स्वतः लिहून सांगतं की मालकाची परवानगी असली तरी रीयूज्ड कंटेंटचा नियम लागू होतो, कारण तो कॉपीराइटचा नियमच नाही. त्यांचा प्रश्न वेगळा: तू यात काय घातलंस? मालकानं तुम्हाला गाळा भाड्यानं दिला म्हणून बँक तुम्हाला कर्ज देईलच असं नाही, आणि बँकेनं कर्ज नाकारलं म्हणून तुम्ही गाळा बळकावलाय असंही होत नाही. हेच मी मेहुण्याला फोनवर समजावत होतो आणि तो "व्हय व्हय" करत होता.

आणि उसाचं म्हणाल तर त्याला गुऱ्हाळही कळत नाही. करवीर-कागलकडं किती तरी गुऱ्हाळांत ऊस दुसऱ्याचाच असतो. शेतकरी ऊस घेऊन येतो, गुऱ्हाळवाला गाळून देतो. गूळ चांगला उतरला तर लोक गुळव्याचं नाव घेतात, उसाचं नाही. काहिलीत (रस आटवायच्या मोठ्या कढईत) मळी कधी काढायची, पाक कधी उतरवायचा, ते त्याचं कसब. माझी चूक ऊस आणण्यात नव्हती. मी काहील पेटवलीच नव्हती. नुसत्या मोळ्या बांधून बाजारात नेऊन ठेवल्या होत्या.

मग पेटवली. एक उदाहरण देतो. एका क्लिपमध्ये परदेशातला एक म्हातारा पार्टिंग करत असतो, म्हणजे जॉबचा तुकडा कापून वेगळा काढत असतो, आणि टूल थरथरायला लागतं, कर्र कर्र आवाज येतो. आधी मी तो आवाज बंद करून त्यावर बासरी लावली होती. आता त्याच जागी क्लिप थांबवली, टूलच्या टोकापाशी बाण काढला आणि स्वतःच्या आवाजात मराठीत सांगितलं: टूल जॉबच्या सेंटरच्या, म्हणजे मधल्या रेषेच्या, वर गेलं की घासतं, खाली गेलं की जॉब टूलवर चढायला बघतो. टूल पोस्टाबाहेर गरजेपेक्षा जास्त काढलं की थरथरतं. स्पीड कमी कर, टूल आत घे, सेंटर बघ. मग माझ्या लेथवर तेच चुकीचं करून दाखवलं आणि तेच बरोबर करून दाखवलं. दोन मिनिटांच्या परदेशी क्लिपवर माझी आठ मिनिटं. आयटीआयची पोरं खाली प्रश्न विचारायला लागली. आधी कुणी काही विचारत नव्हतं, 'नाइस' लिहून जायचे.

पहिल्या नकारानंतर 30 दिवसांनी परत अर्ज करता येतो. केला, परत नामंजूर. कारण जुने बेचाळीस व्हिडिओ चॅनेलवर तसेच होते आणि यूट्यूबवाले निर्णय अख्ख्या चॅनेलचा करतात, तुमचे चार नवे व्हिडिओ तेवढे बघून नाही. दुसऱ्या नकारानंतर 90 दिवस थांबा. जुने उडवावेत तर त्यांचे तासही जातात, कारण काढून टाकलेल्या किंवा प्रायव्हेट केलेल्या व्हिडिओंचे तास 4000 मध्ये धरत नाहीत. दोन रात्री विचार केला. तिसऱ्या रात्री बेचाळीसच्या बेचाळीस उडवले. 4300 तासांवरून 600 वर आलो. तिथून परत चढायला आठ महिने लागले. मग मंजूर झालं.

तुमचा प्रश्न पैशाचा होता. लांब व्हिडिओंवर जाहिरातीचे 55 टक्के तुमचे, शॉर्ट्सच्या वाट्याचे 45. 10 डॉलर जमले की ॲडसेन्सवाले (गूगलचे जाहिरातीचे पैसे देणारे) पत्ता तपासायला पोस्टानं पिन पाठवतात (पोस्टमन हातात देऊन "परदेशातनं काय आलंय" म्हणून तिथंच थांबला होता). 100 डॉलर झाल्याशिवाय बँकेत काही येत नाही. मला आज सरासरी महिन्याला जे मिळतं त्यात गाळ्याचं लाइटबिलसुद्धा पूर्ण भागत नाही. तेवढे पैसे मला चार दिवसांच्या जॉबवर्कमध्ये सुटतात. 'घरबसल्या फुकटचे व्हिडिओ टाका आणि कमवा' असं शिकवणारे जे आहेत त्यांची कमाई तुमच्या कोर्स फीची आहे, हे माझं स्पष्ट मत. कुणाला राग आला तर येऊ दे.

आता लायसनचं उरलेलं. यूट्यूबबाहेरून, म्हणजे विमिओ किंवा इतर साइटवरून घेताना क्रिएटिव्ह कॉमन्सचे सगळे प्रकार समोर येतात. एनसी (नॉन-कमर्शियल) दिसलं की जाहिरातवाल्या चॅनेलवर घेऊ नका. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरचे धडे बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, पण ते बाय-एनसी-एसए, म्हणजे नफ्यासाठी नाही. एनडी असेल तर कापाकापी चालत नाही. एसए असेल तर तुमचा व्हिडिओही त्याच लायसनखाली द्यावा लागतो. नासाचं बरंचसं चित्रीकरण कॉपीराइटमुक्त असतं, पण त्यांचं बोधचिन्ह वापरून 'आम्ही नासाचे' असा आव आणायचा नाही.

मला काही जण म्हणतात, बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा तयार करून सिनेमे काढले त्या गावचा तू, जुने मराठी सिनेमे टाक की. आपल्या कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर 60 वर्षांनी संपतो हे खरं. पण गीतकार-संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. म्हणजे सिनेमा मोकळा आणि त्यातलं गाणं नाही, असं होऊ शकतं. आणि मोकळा असला तरी नुसता चढवलात तर परत तेच रीयूज्ड.

एक गोष्ट मेहुण्याला अजून सांगितलेली नाही, तुम्हाला सांगतो. त्या बेचाळीसपैकी एका व्हिडिओवर मला कॉपीराइट स्ट्राइक (कॉपीराइट मोडल्याची यूट्यूबची ताकीद) आला होता. मी ज्याच्याकडून क्लिप घेतली त्यानं क्रिएटिव्ह कॉमन्सची खूण लावली होती, पण क्लिप त्याची नव्हतीच. त्यानं तिसऱ्याचीच उचलून स्वतःच्या नावावर चढवली होती. खऱ्या मालकानं दोघांनाही धरलं. आणि मी त्या चोराचं नाव लिंकसकट, आभार मानून लिहिलं होतं! मालक नसलेल्यानं दिलेली परवानगी शून्य. 90 दिवस तो स्ट्राइक डोक्यावर घेऊन बसलो, कारण 90 दिवसांत तीन झाले की चॅनेल बंद. तेव्हापासून क्लिप घेण्याआधी त्या माणसाचं अख्खं चॅनेल बघतो. एकाच चॅनेलवर क्रिकेट, जपानी स्वयंपाक आणि लेथ असेल तर तो माणूस लेथवाला नाही. कोपऱ्यात कुणाचा वॉटरमार्क पुसल्यासारखा दिसतोय का, तेही बघा.

त्यामुळं आता आधी मेल टाकतो आणि मूळ फाइलच मागतो. यूट्यूबवरून परस्पर डाउनलोड करायला त्यांच्या अटींत तशीही मनाई आहे. दहातले तीन-चार उत्तर देतात, आणि जे देतात ते खूश होऊन देतात. लायसन दिसतंय तो स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा. एकदा दिलेलं लायसन घेतलेल्यांकडून परत काढून घेता येत नाही, पण मालकानं नंतर सेटिंग बदललं तर तुमच्या हातात पुरावा काय? आणि क्लिपमागचं संगीत काढून टाका. क्लिप मोकळी असली तरी मागचं गाणं दुसऱ्या कुणाचं असतं, कंटेंट आयडी (यूट्यूबची आपोआप ओळखणारी यंत्रणा) ते पकडतं, क्लेम लागतो आणि जाहिरातीचे पैसे तिकडं वळतात.

मी वकील नाही, टर्नर आहे. नियमही बदलत राहतात. 2025 च्या जुलैत एकाच साच्यातून काढलेल्या व्हिडिओंबद्दलचा नियम यूट्यूबनं नव्या शब्दांत मांडला, तेव्हा अर्ज करण्याआधी त्यांचं पान स्वतः वाचा.

मेहुण्याचं सांगायचं राहिलं. त्याचा तिकडं फोटो स्टुडिओ आहे, लग्नाच्या ऑर्डरी घेतो. त्याच्या प्रत्येक हायलाइट व्हिडिओत नवरी गाडीतून उतरताना एक सिनेमाचं गाणं, हळदीला दुसरं, पाठवणीला तिसरं. कुणाला विचारून? कुणाला नाही. श्रेय? तेही नाही. पंगतीत मला चोर म्हणताना हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही आलं नव्हतं, नाहीतर पांढरा पिऊनच उठलो असतो.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. आवाज एकदम मऊ. "दाजी, माझ्या लग्नाच्या तीन व्हिडिओंवर क्लेम आल्यात. तुमास्नी त्यातलं कळतंय म्हणं. काय करायचं वो?"

म्हटलं, "म्हाईला येतोय. पंगतीत विचार, सगळ्यांसमोर सांगतो."