ओलीची तक्रार बिल्डरला लेखी दिलीत का?

ताई,

पावसाळा मुरला की अशा पत्रांची रांग लागते. तुमची हकिगत थोडक्यात अशी: पुण्याजवळच्या पुनावळ्याचा फ्लॅट, ताबा 9 ऑक्टोबर 2021 रोजी. मुलांच्या खोलीत कपाटामागून बारा महिने कुबट वास येतो. भिंतीला लोणा लागलाय, पोपडे सुटलेत, काळी बुरशी धरली आहे. दोनदा स्वखर्चाने रंग दिलात. बिल्डरच्या साइट सुपरवायझरला असंख्य फोन केलेत आणि तो आता म्हणतो, "सोसायटी झाली ना, तिकडे जा." मधल्या काळात वरच्या मजल्यावरच्यांनी बाथरूमच्या टाइल्स बदलल्या. केस कुणावर करायची, हा तुमचा प्रश्न.

तो प्रश्न महिनाभर बाजूला ठेवा. आज महत्त्वाची आहे ती 9 ऑक्टोबर 2026 ही तारीख, आणि ऑगस्ट संपत आलाय.

रेरा, म्हणजे घरखरेदीदारांना बिल्डरविरुद्ध संरक्षण देणारा स्थावर मालमत्ता कायदा, त्याचं कलम 14(3) सांगतं की ताबा दिल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला, कामाच्या दर्जातला किंवा सोयीसुविधांतला दोष बिल्डरच्या निदर्शनास आणला, तर त्याने तो 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. नाही केला तर ग्राहकाला भरपाई मागता येते. सगळं अडतं ते 'निदर्शनास आणला' यावर. तक्रार लेखीच हवी असं कलम म्हणत नाही. पण तोंडी तक्रार तुम्ही सिद्ध कशी करणार? कॉल लॉगवरून फोन झाल्याचं दिसेल, बोलणं काय झालं ते दिसणार नाही. सुपरवायझर आज आहे, उद्या दुसऱ्या साइटवर असेल. जवळजवळ पाच वर्षांत एक ईमेल नाही, एक पत्र नाही, याचा मला खरोखर राग येतो. कारण कायद्याने तुमच्या हातात इतकं भक्कम काही दिलं असताना ते नुसतं पडून राहिलं.

म्हणून या आठवड्यात नोटीस पाठवा. करारनामा काढा. त्यात नोटीस कुठे आणि कशी पाठवायची याचं कलम असतं. त्यात दिलेल्या पत्त्यावर पोस्टाने पोचपावतीसह आणि त्यातल्याच ईमेलवर, दोन्हीकडे पाठवा. नोटीस करारावर सही करणाऱ्या कंपनीच्या नावाने हवी, साइट ऑफिसच्या नव्हे. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्या. ताब्याची तारीख, कोणती खोली, कोणती भिंत, ओल केव्हापासून, आणि 30 दिवसांत दुरुस्तीची मागणी, एवढं पुरे. फोटो जोडा. व्हॉट्सअ‍ॅपवर कधी लेखी मेसेज किंवा फोटो पाठवले असतील तर तो फोन विकू नका, चॅट पुसू नका. जुन्या तक्रारीचा तोच एक पुरावा ठरू शकतो.

आणि तिसऱ्यांदा रंग देऊ नका. बुरशी पुसली की वास आठ-पंधरा दिवस दबतो, पाणी मात्र भिंतीत मुरतच राहतं, आणि पाहणीला येणाऱ्या इंजिनिअरला दिसते ती कोरीकरकरीत भिंत.

पाणी येतं कुठून, हे मात्र नीट शोधायला हवं. वास फक्त पावसात येत असता तर मी बाहेरच्या प्लास्टरच्या भेगा आणि खिडकीच्या कडा आधी पाहा म्हटलं असतं. तो एप्रिल-मेमध्येही येतो, म्हणजे संशय बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगवर, नहाणी ट्रॅपवर (बाथरूमच्या फरशीतलं सांडपाण्याचं तोंड) किंवा डक्टमधल्या (पाइप वरून खाली नेणारी पोकळी) पाइपवर जातो. बिल्डर हमखास म्हणेल की खोली बंद ठेवता, कपडे आत वाळवता, म्हणून दमटपणा. त्यासाठी स्वयंपाकघरातल्या फॉइलचा तुकडा भिंतीवर चारही कडा चिकटवून दोन दिवस ठेवा. पाणी फॉइलच्या आत, भिंतीच्या बाजूला साचलं तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला साचलं तर खोलीतल्या हवेची. फोटो काढा. वरच्यांच्या बाथरूमचा ट्रॅप बंद करून दिवसभर पाणी साठवण्याची चाचणी सोसायटीच्या पत्राने आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या देखरेखीखाली करून घ्या, त्याचा सहीशिक्क्याचा रिपोर्ट घ्या.

वरच्यांच्या टाइल्सबद्दल आत्ताच ठाम बोलणं चुकीचं ठरेल. बाथरूममध्ये परवानगीशिवाय फेरफार केले तर दोषदुरुस्तीची जबाबदारी संपते, असं कलम पुण्याकडच्या बहुतेक करारांत असतं आणि बिल्डर त्याच्या आड लपेल. पण दुसऱ्याने केलेल्या बदलाने तुमचा हक्क जातो का, यावर वाद घालायला जागा आहे, आणि ओल टाइल्स बदलण्याआधीची असेल तर चित्रच पालटतं. पाइप सामाईक निघाला तर दुरुस्ती सोसायटीकडे जाऊ शकते. मुलाला दमा आहे असं तुम्ही लिहिलंय; त्याच्या केसपेपरची फाइल ठेवा, पण केस त्यावर उभी करू नका.

30 दिवसांत काही झालं नाही तर महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार करा. अशा अर्जांचा निकाल 60 दिवसांत लागावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात पहिल्या तारखेलाच महिने जातात, आणि तोवर मुलं त्याच खोलीत झोपतात. ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, तिथे 2 वर्षांची मुदत आडवी येईल. म्हणून कागद आजपासूनच पक्के ठेवा.

नोटीस पोहोचली की बहुधा बिल्डरची माणसं येतील, थोडं प्लास्टर करतील आणि 'काम समाधानकारक झाले' अशा कागदावर सही मागतील. पाणी साठवण्याची चाचणी पुन्हा होऊन भिंत कोरडी राहिल्याखेरीज ती सही करू नका. फारच मागे लागले तर 'काम झाले, ओल थांबली की नाही ते पाहणे बाकी' असं स्वतःच्या अक्षरात लिहा, खाली तारीख घाला आणि त्याचा फोटो काढूनच कागद परत द्या.