आठवीतल्या मुलीसाठी हजार रुपयांत कोणता स्ट्रेटनर घ्यावा?

ताई, तुमची मुलगी तेरा वर्षांची, केस कमरेपर्यंत, हल्ली फार फुगतात, मामाचं लग्न डोंबिवलीला आहे, त्याआधी तिला स्ट्रेटनर हवाय आणि बजेट हजार रुपये. सिरॅमिक घ्यावा की टायटॅनियम, असं तुम्ही विचारलंय. मी जुळे सोलापुरात घरातच पार्लर चालवते, अकरा वर्षं झाली. माझी स्वतःची मुलगी आता दहावीला आहे. म्हणजे हा हट्ट मी खुर्चीमागे उभं राहूनही पाहिलाय आणि पोळ्या लाटतानाही ऐकलाय.

सिरॅमिक-टायटॅनियम नंतर बघू. खोकं हातात घेतलं की आधी एकच बघा: तापमान कमी करता येतं का?

घरच्या इस्त्रीला काटा असतो, रेशमी, लोकरी, सुती. समजा तो काटाच नाही आणि इस्त्री कायम सुतीवर तापलेली. तिने तुम्ही आईची इरकल इस्त्री कराल का? स्वस्तातल्या बऱ्याच स्ट्रेटनरना फक्त चालू-बंदचं बटण असतं. चालू केला की तो थेट २००-२१० अंशांवर जाऊन बसतो. दाट, राठ केसांना ते एखाद वेळी चालून जातं. पण २०० च्या वर गेलं की केसातलं प्रथिन झपाट्याने खराब व्हायला लागतं, आणि तेरा वर्षांच्या मुलीचे केस बहुतेक वेळा मऊच असतात. त्यांना १५० ते १६० पुरतं. केस दाट असतील तर १८०. त्याच्या वर तिच्या हातात जायचंच नाही.

आता पैशाचं. पाचशे-सातशेच्या मशीनला काटा क्वचितच असतो. माझ्या पाहण्यात तापमान बदलता येणारा धड स्ट्रेटनर बाराशे-पंधराशेच्या आसपास सुरू होतो, ऑनलाइन सेलमध्ये कधी हजारातही बसतो. तेव्हा खरं सांगायचं तर तुमचं बजेट दोनशे ते पाचशेने कमी पडतंय. हजारातच बसवायचं असेल तर घाई करू नका, सेलची वाट बघा. फिलिप्स, वेगा, हॅवेल्स यांच्याकडे दोन्ही प्रकार मिळतात, काट्याचे आणि बिनकाट्याचे, त्यामुळे नुसतं कंपनीचं नाव बघून उचलू नका. खोक्यावर अंशांचे दोन-तीन आकडे छापलेत का, ते बघा. 'फास्ट हीटिंग, २३० डिग्री, प्रोफेशनल' असं मोठ्या अक्षरात असेल तर ते माझ्यासारखीसाठी आहे, तुमच्या मुलीसाठी नाही.

पट्ट्यांबद्दल थोडक्यात. टायटॅनियम पटकन आणि कडक तापतं, हात सरावलेला लागतो. सिरॅमिकचा लेप असलेली पट्टी सावकाश आणि सारखी तापते, तीच घ्या. टूरमलाइन, केराटिन, आर्गन वगैरे लिहिलेलं असेल तर त्यासाठी जादा पैसे मोजू नका. कमरेपर्यंतचे केस आहेत, तर पट्टी थोडी रुंद बघा, नाहीतर पोरगी दोन तास आरशासमोर बसेल.

शक्य असेल तर मागवण्याआधी एकदा नव्या पेठेत जाऊन हातात धरून बघा. मशीन बंद असताना पट्ट्या मिटवून उजेडासमोर धरायच्या. मधून उजेडाची रेघ दिसली तर पट्ट्या नीट बसत नाहीत, आणि तशा मशीनने एकाच बटेवरून चार-चार वेळा फिरवावं लागतं. मग पट्टीच्या कडेवरून बोट फिरवा, कुठे खरखरतंय का बघा. नंतर स्वतःचीच चार केसांची बट थंड पट्टीत धरून ओढा. ओढताना केस अडकला तर खोकं परत द्या, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. प्लग दोन पिनांचा असेल तर मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असायला हवी, म्हणजे आतलं आवरण दुहेरी आहे. आयएसआयची खूण आणि वॉरंटी कार्डही बघून घ्या. आपोआप बंद होण्याची सोय मिळाली तर त्यासाठी शंभर-दोनशे जास्त गेले तरी चालतील. का, ते खाली सांगते.

मी स्वतः पार्लरवाली असून लेकीसाठी पहिला स्ट्रेटनर गड्ड्याच्या जत्रेतल्या एका स्टॉलवरून घेतला होता, साडेतीनशेला. पोरीचा हट्ट, गर्दी, आणि 'खेळण्यापुरता आहे' असं मनाशी म्हणून. सहा महिन्यांत पट्टीचा लेप एका कोपऱ्यात सुटला, बोटाच्या नखाएवढा. तिथे बरोबर केस अडकायचे आणि मधेच तुटायचे. कपाळावर दोन बोटं लांबीचे उभे केस दिसायला लागले तेव्हा मला कळलं. तोवर मी तिला 'शाम्पू बदल' म्हणून ओरडत होते.

वापरताना एक चूक सगळ्याच करतात. कपडा इस्त्री करताना आपण पाणी शिंपडतो. केसाला नेमकं उलटं. ओला केस गरम पट्टीत धरला की आतलं पाणी उकळतं, वाफ बाहेर पडायला जागा शोधते आणि केसात बारीक फुगे होतात. पुढे केस तिथेच मोडतो. 'चर्र' असा आवाज आला की थांबायचं. तेलही नको. आपल्याकडे आयांना वाटतं, थोडं खोबरेल लावून प्रेस केलं तर केस वाचतील. वाचत नाहीत, तळले जातात. तेल आदल्या रात्री लावा, सकाळी धुवा, पूर्ण वाळवा, मग हीट प्रोटेक्शनचा स्प्रे किंवा सीरम, आणि मग प्रेस. आपलं गाव टॉवेलचं, तरी सांगते, टॉवेलने केस खसाखसा पुसू नका. त्याच्या उभ्या दोऱ्यांत ओले केस ओढले जातात. जुना सुती पंचा गुंडाळून ठेवलेला बरा.

एकावेळी दोन बोटं रुंदीची बट घ्यायची, मुळापासून इंचभर सोडून पट्टी धरायची आणि मधे न थांबता खालपर्यंत न्यायची. एका बटेवरून एकदा, फार तर दोनदा. कानाजवळ आणि मानेजवळ तुम्ही करा. तेराव्या वर्षी मागचं काही दिसत नाही आणि कान भाजतो. आठवड्यातून एकदापेक्षा जास्त नको. शाळेत तशाही दोन वेण्याच घालायच्यात.

आपोआप बंद होणारा घ्या म्हटलं, त्याचं कारण माझ्या घरी पलंगावर अंथरलेलं आहे. लेकीला मैत्रिणीने खालून हाक मारली, ही मशीन तशीच चादरीवर टाकून गच्चीत गेली. जाड सोलापुरी चादर, म्हणून निभावलं. मोराच्या पिसाऱ्यावर दोन तपकिरी पट्टे उमटले, अगदी मापात, शेजारी-शेजारी. तेव्हापासून नियम असा की मशीन फरशीवर किंवा ओट्यावर ठेवायची, काम झालं की प्लग काढायचा आणि पंधरा-वीस मिनिटं कुणी हात लावायचा नाही. घरात लहान भावंडं असतील तर लोंबकळणाऱ्या वायरीकडे जास्त लक्ष ठेवा.

आता डोंबिवलीचं. केस सरळ होतो तो कायमचा नाही. केसातले हलके बंध उष्णतेने सुटतात आणि थंड होताना नव्या आकारात बसतात. पाणी किंवा दमट हवा लागली की तेच बंध पुन्हा सुटतात. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात प्रेस केलेले केस दोन दिवस छान राहतात. डोंबिवलीत मंगलाष्टकांपर्यंत टिकले तरी खूप. म्हणून आदल्या रात्री इथून करून नेऊ नका, तिथे सकाळी करा, आणि दुपारसाठी एक सैल वेणी आणि गजरा डोक्यात ठेवा.

हल्ली फुगतात म्हणालात, त्याचंही सांगते. या वयात शरीरात जे बदल होतात त्यात केसांचा पोतही बदलतो. लहानपणी सरळ असलेले केस आता लहरी होऊ शकतात, त्यात बिघडलेलं काही नसतं. लहरी केस कोरडे असताना विंचरले की हमखास फुगतात. ओलसर असतानाच मोठ्या दात्यांच्या कंगव्याने, टोकाकडून वर जात विंचरून बघा. दुसरं म्हणजे बोअरचं पाणी. शाम्पूला फेस येत नसेल, केस धुतल्यावर चिकट-राठ लागत असतील, तर पाणी जड आहे. नळाला पाणी कधी येतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको, पण शेवटचे दोन तांबे तरी नळाचे घ्या. माझ्या दोन-तीन गिऱ्हाइकांनी एवढ्यावरच प्रेसिंग कमी केलंय, माझं नुकसान झालं ते झालं.

आणि कुणी म्हणालं की कशाला मशीन, एकदाच स्मूदनिंग, म्हणजे पार्लरमध्ये क्रीम लावून आणि तापवून केस सरळ करणं, करून टाका, तर या वयात अजिबात नको. काही क्रीममधून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते कर्करोगकारक म्हणून नोंदवलेलं आहे. माझ्याकडे शाळकरी मुलींच्या आया येतात, मी परत पाठवते.

स्ट्रेटनरऐवजी गरम होणारा ब्रशही मिळतो. पट्टी उघडी नसते, त्यामुळे भाजण्याची भीती कमी. केस अगदी सुरीसारखे सरळ होत नाहीत, पण फुगलेले बसतात. तुमच्या मुलीची तक्रार फुगण्याचीच असेल तर दुकानात तोही काढायला सांगा. जाताना तिला सोबत न्या, केस धुऊन, वाळवून, तेल न लावता. काही दुकानांत एक बट करून दाखवतात. आणि बिल खोक्यातच ठेवा, वॉरंटीला पहिलं तेच मागतात.