मॅक्रोला आधी उजेड, मग लेन्स

भाऊ, किड्यांचे अगदी जवळून मोठे फोटो, म्हणजे मॅक्रो, काढायचे म्हणून पहिल्याच महिन्यात महागडी मॅक्रो लेन्स घेऊ नका. ५० एमएमची लेन्स आहे ना तुमच्याकडं? तिच्यामागं एकूण ५० एमएमच्या एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स अन् कॅमेऱ्यामधल्या पोकळ नळ्या) लावल्या की जवळजवळ १:१ मिळतं, म्हणजे किडा सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा उमटतो. फक्त ट्यूब लेन्स-कॅमेऱ्याला जोडणारी विजेची संपर्कपट्टी असलेल्याच घ्या, नाहीतर अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारं लेन्सचं छिद्र) कॅमेऱ्यावरून बदलत नाही. पुढं लेन्स घ्याल तेव्हा ९० ते १०५ एमएमची. पऱ्हाटीवरचा चतुर अंतर राखून टिपता येतो.

नवीन माणूस इथंच चुकतो : सगळा पैसा लेन्सवर घालतो अन् भरदुपारी वावरात फिरतो. आपल्याकडचं ऊन पंखांवर पांढरे डाग पाडतं. साधा फ्लॅश घ्या, पुढं ट्रेसिंग पेपर वाकवून बांधा अन् किड्याच्या होईल तितका जवळ आणा. हा कागदाचा पडदा जितका मोठा अन् जवळ, उजेड तितका मऊ. माझे फोटो सुधारले ते या कागदानं, लेन्सनं नाही.

सुरुवातीला एवढंच :
- मॅन्युअल मोड, अ‍ॅपर्चर एफ/११, शटर १/२०० सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) २००. एफ/२२ ला जाऊ नका, बारकावे धुरकट होतात.
- ऑटोफोकस बंद. फोकस जुळवायला स्वतःच हळूच पुढंमागं व्हा.
- डावीकडं तुराटीची काडी रोवा, लेन्स तिला टेकवा.

स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो एकत्र जोडणं) वगैरे आत्ता राहू द्या. पहिल्या पावसानंतर मृगाचे लाल मखमली किडे निघतील, तेव्हा धुऱ्यावर सरळ पोटावर झोपा. हिवाळ्यात दव असताना पहाटेच निघा. किडे गारठलेले असतात, उडत नाहीत.