मापुतो शहरात लेनिन, कार्ल मार्क्स यांच्या नावाचे रस्ते कसे? पोर्तुगीज काळापासून या शहरात काय काय घडलं?

तुरीच्या आयातीच्या कामानिमित्त काही वर्षं माझं मोझांबिकला जाणं-येणं होतं. तूर पिकते उत्तरेला, बोटीत चढते तिथल्याच 'नाकाला' नावाच्या बंदरात, पण कागदपत्रांसाठी मुक्काम दक्षिण टोकाच्या राजधानीत, मापुतोत. पहिल्याच दिवशी मला पत्ता सांगितला गेला तो असा : 'कार्ल मार्क्सवरून खाली या, चोवीस जुलैला वळा.' मीही तुमच्यासारखाच चक्रावलो होतो.

मार्क्स-लेनिनचं कोडं लगेच सुटतं. २५ जून १९७५ ला देश स्वतंत्र झाला, सत्ता स्वातंत्र्यलढा देणाऱ्या फ्रेलिमो या पक्षाकडे आली आणि १९७७ मध्ये पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद अधिकृतपणे स्वीकारला. जुन्या पाट्या उतरल्या. लेनिन, माओ, हो ची मिन्ह, टांझानियाचे न्येरेरे चढले. १९८९ मध्ये पक्षाने ती विचारसरणी सोडली. पाट्या कोणी बदलल्या नाहीत.

खरी गंमत चोवीस जुलैची. मापुतो ज्याच्या काठी आहे तो उपसागर कोणाचा, यावरून इंग्रज आणि पोर्तुगीज भांडत होते. लवाद म्हणून फ्रान्सचे अध्यक्ष मॅकमहोन यांनी २४ जुलै १८७५ ला पोर्तुगालच्या बाजूने निकाल दिला, म्हणून रस्त्याला ते नाव. स्वातंत्र्यानंतर पहिल्या फटक्यात जायला हवं होतं. पण नव्या सरकारने शाळा-दवाखान्यांचं राष्ट्रीयीकरण केलं तेही नेमकं २४ जुलै १९७५ ला. पाटी तीच, अर्थ नवा.

शहराचं आधीचं नाव लॉरेन्सो मार्किस, १५४४ मध्ये या उपसागराची पाहणी करणाऱ्या व्यापाऱ्याचं. त्यानंतर तीनशे वर्षं इथे फारसं काही नव्हतं. वसाहतीची राजधानी दूर उत्तरेला मोझांबिक बेटावर होती, आणि १७५२ पर्यंत तर सगळा कारभार गोव्यातून चाले. नशीब फळफळलं ते शेजारच्या दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमध्ये सोनं सापडल्यावर. खाणींना सर्वांत जवळचं बंदर हेच. १८९५ पर्यंत प्रिटोरियाची रेल्वे सुरू झाली आणि १८९८ मध्ये राजधानी इथे आली. म्हणजे हे शहर मोझांबिकपेक्षा जोहान्सबर्गच्या गरजेतून उभं राहिलं. करारच तसा होता : पोर्तुगीजांनी खाणींना मजूर पुरवायचे, बदल्यात तिकडच्या मालवाहतुकीचा ठरावीक वाटा या बंदराला. माणसं देऊन माल घ्यायचा, सरळ हिशेब. (रेल्वे स्टेशनच्या घुमटाशी गाइड आयफेलचं नाव जोडतात. त्यावर विश्वास ठेवू नका.)

शहराचे दोन भाग होते. गोऱ्यांचं 'सिमेंटचं शहर' आणि भोवती काळ्यांच्या वस्त्या, 'कनिसु', म्हणजे बोरू. तिथे पक्कं घर बांधायची मुभा नव्हती, केव्हाही उठवता यावं म्हणून. मग लोक बाहेर बोरूचा कूड ठेवून आतल्या आत गुपचूप विटा रचत. फुटबॉलपटू युझेबियो अशाच माफालाला वस्तीतला.

आपल्या लोकांचं म्हणाल तर गोव्याचे लोक सरकारी कचेऱ्यांत आणि रेल्वेत, गुजराती दुकानांत. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, त्याचा राग पोर्तुगीजांनी इथे काढला. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना छावण्यांत डांबलं, मालमत्ता गोठवली, पुढे देशाबाहेर काढलं. आपण १९६१ चं यश अभिमानाने सांगतो, तेव्हा ही बाजू क्वचितच निघते. आणखी एक नाव लक्षात ठेवा : आकिनो द ब्रागांसा. गोव्यात जन्मले, पोर्तुगीजविरोधी चळवळीत वाढले आणि राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांचे जवळचे सल्लागार झाले. १९ ऑक्टोबर १९८६ ला माशेल यांचं विमान कोसळलं, त्यात तेही गेले.

जुन्या किल्ल्यात जरूर जा. १८९५ मध्ये इथल्याच गाझा राज्याचा राजा न्गुन्गुन्याने याला पकडणाऱ्या मोझिन्यु द आल्बुकर्क या पोर्तुगीज लष्करी अधिकाऱ्याचा घोड्यावरचा पुतळा मुख्य चौकातून हलवून तिथे ठेवलाय. राजा अझोर्स बेटांवर बंदिवासात वारला. १९८५ मध्ये परत आणलेली त्याची कोरीव शवपेटीही त्याच किल्ल्यात. पकडणारा आणि पकडलेला एकाच छताखाली नांदतात म्हणा ना. चौकात आता माशेल यांचा पुतळा आहे, उत्तर कोरियाने घडवलेला.

३ फेब्रुवारी १९७६ हा दिवस शहराने दोनदा लक्षात ठेवावा असा. त्या दिवशी मापुतो हे नाव मिळालं आणि भाड्याच्या सगळ्या इमारती सरकारजमा झाल्या. पोर्तुगीज तोवर बहुतेक निघून गेले होते. रिकाम्या फ्लॅटमध्ये कनिसुतली कुटुंबं राहायला आली. पुढे यादवी युद्ध १९९२ पर्यंत चाललं आणि खेड्यांतून जीव वाचवून आलेल्यांनी वस्त्या पसरत गेल्या.

मी ज्यांच्याकडे राहायचो त्या बाईंच्या कुटुंबाला १९७६ मध्येच तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मिळाला होता. लिफ्ट बंद, नळाला पाणी नाही, आणि बाल्कनीत मक्याचं पीठ कांडायला उखळ. नव्वदच्या दशकात सरकारने ही घरं भाडेकरूंना विकायला काढली, तेव्हा त्यांनी तो विकत घेतला. आता तो माझ्यासारख्या परदेशी लोकांना डॉलरमध्ये भाड्याने देतात. स्वतः राहतात शहराबाहेर, मातोलाच्या पलीकडे, आणि भाडं न्यायला मिनीबसमध्ये उभ्याने येतात.