वाचकांचे प्रश्न : वेस्टर्न खोगीर, तंग आणि लगाम

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत राहणाऱ्या आणि तेथील पद्धतीने घोड्यावर बसू लागलेल्या वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. या साऱ्या सामानाचे मूळ स्पॅनिश आहे. १५१९ मध्ये एर्नान कोर्तेस मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याच्याबरोबर १६ घोडे होते. पुढे मेक्सिकोतील वाकेरो, म्हणजे घोड्यावरून गुरे राखणारे गुराखी, यांनी स्पॅनिश खोगिराला आपल्या कामाप्रमाणे हळूहळू बदलत नेले आणि टेक्सास व कॅलिफोर्नियातील गुराख्यांनी ते त्यांच्याकडून घेतले. दिवसभर खोगिरावर बसणे आणि दोरीत अडकलेले जनावर थोपवून धरणे, या दोन गरजांतून त्याचा जवळजवळ प्रत्येक भाग घडलेला आहे. खालील उत्तरांत त्या कामाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो, तो याच कारणाने.

प्रश्न : मी कोलोरॅडोत राहतो. आजवर इंग्लिश खोगिरावर बसत आलो. आता डोंगरवाटांवरील फेऱ्यांसाठी जुने वेस्टर्न खोगीर घ्यायचे आहे. विक्रेता म्हणतो की ते १५ इंची असून त्याला ‘फुल क्वार्टर हॉर्स बार्स’ आहेत, त्यामुळे ते बहुतेक घोड्यांना बसते. एवढ्या माहितीवर ते मागवावे का?

मागवू नये. १५ इंच हे माप आपल्या बैठकीचे आहे; घोड्याच्या पाठीशी त्याचा काही संबंध नाही. हॉर्नखालच्या, म्हणजे दोरी बांधायच्या पुढच्या खुंटाखालच्या, रुंद भागाच्या मागच्या कडेपासून कँटलच्या, म्हणजे पाठीमागच्या उंच काठाच्या, मध्यापर्यंत ते मोजतात आणि इंग्लिश खोगिराच्या मापापेक्षा ते साधारण दोन इंचांनी कमी भरते. आपण १७ इंची इंग्लिश खोगिरावर नीट बसत असाल, तर १५ इंची वेस्टर्न खोगीर पाहण्यास हरकत नाही, इतकाच त्याचा अर्थ.

घोड्याच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो तो आतला सांगाडा, ज्याला ट्री म्हणतात. पारंपरिक ट्री लाकडाचे असते. त्यावर ओले कच्चे चामडे ताणून शिवतात आणि ते सुकताना आवळून सांगाड्याला बळकटी देते. ट्रीच्या दोन लांब पट्ट्या, म्हणजे बार्स, कण्याच्या दोन्ही बाजूंना टेकतात आणि स्वाराचे वजन पाठीवर पसरवतात. ‘फुल क्वार्टर’ किंवा ‘सेमी क्वार्टर’ हे शब्द या बार्सची रुंदी आणि उतार सुचवतात खरे, परंतु सर्व कारागिरांना बांधील असे कोणतेही प्रमाण त्यांच्यामागे नाही. एका कारागिराचे सेमी दुसऱ्याच्या फुलएवढे असू शकते. त्यामुळे खोगीर आपल्याच घोड्याच्या पाठीवर ठेवून पाहण्याला पर्याय नाही, आणि विक्रेता तशी मुभा देत नसेल तर तो व्यवहार सोडून देणे बरे.

प्रथम ते पॅड न घालता उघड्या पाठीवर ठेवावे. मान संपून पाठ सुरू होते तेथील उंचवट्यावर, म्हणजे विदर्सवर, दोन ते तीन बोटे उभी मावतील एवढी पोकळी राहायला हवी. बार्सचे पुढचे टोक फऱ्याच्या हाडावर चढता कामा नये, कारण पाय पुढे टाकताना हे हाड मागे सरकते आणि तेथे अडथळा असला की घोडा आखूड पावले टाकू लागतो. नंतर हात बार्सखाली पुढून मागे सरकवत न्यावा. दाब सगळीकडे सारखा लागला पाहिजे. पुढे आणि मागे टेकलेले पण मधे अधांतरी असलेले खोगीर स्वाराचे सारे वजन चार बिंदूंवर टाकते. मागच्या बाजूला बार्सचा भार शेवटच्या बरगडीपलीकडे कमरेवर पडू नये. आखूड पाठीच्या घोड्यांच्या बाबतीत ही अडचण फार येते. त्यांच्यासाठी गोल आणि आखूड स्कर्टचे, म्हणजे सांगाड्याखालच्या चामडी पानांचे, खोगीर पाहावे.

जुने खोगीर घेताना सांगाडा शाबूत आहे ना, याची खात्री करून घ्यावी. खोगीर उभे धरून हॉर्न आणि कँटल एकमेकांकडे दाबावेत, मग दोन्ही बार्स आतल्या बाजूला दाबून पाहावेत. बैठक मधोमध दुमडली, काही कुरकुरले किंवा एक बाजू अधिक हलली, तर ट्री मोडलेले आहे असे समजावे आणि चामड्यावरची नक्षी कितीही सुरेख असली तरी ते खोगीर घेऊ नये. पालथे करून लोकरी अस्तरही पाहावे. ते एका बाजूला जास्त झिजलेले असेल तर खोगीर वाकडे असण्याचा संभव असतो.

न बसणारे खोगीर जाड पॅड घालून बसवता येते, असा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी देईलच. किंचित रुंद खोगिराच्या बाबतीत तो थोडाफार चालतो, पण अरुंद खोगिराखाली जाड पॅड घालणे म्हणजे घट्ट जोड्यात जाड मोजा चढवणे होय. पाऊण ते एक इंच जाडीचे दाट लोकरी पॅड बहुतेक स्वारांना पुरते. ते थोडे पुढे ठेवून मागे सरकवावे, म्हणजे खालचे केस सरळ बसतात, आणि तंग, म्हणजे खोगीर धरून ठेवणारा पोटाखालचा पट्टा, आवळण्यापूर्वी ते विदर्सवर उचलून पोकळीत सारावे.

तासाभराच्या फेरीनंतर खोगीर उतरवून घामाचा ठसा पाहावा. कण्यावरची पट्टी कोरडी राहणे योग्यच आहे. मात्र बार्सच्या जागेत, भिजलेल्या भागाच्या मधोमध, कोरडा ठिपका दिसला तर तेथे दाब फार पडतो किंवा खोगीर मुळीच टेकत नाही. तेथे हात फिरवताच घोडा अंग चोरत असेल, तर उत्तर मिळाले. पाठीवर पांढऱ्या केसांचे पुंजके उगवले असतील, तर ती इजा बऱ्याच आधी झालेली असते.

प्रश्न : टेक्सासमधील आमच्या तबेल्यात काही जण मागचा तंग काढूनच टाकतात, तर काही जण त्याशिवाय घोड्यावर चढत नाहीत. माझ्या खोगिराला दोन्ही तंग आहेत. मागचा खरोखर आवश्यक आहे का?

हा भेद जुना आहे. टेक्सासचे गुराखी दोरीचे टोक हॉर्नला पक्के बांधून ठेवत. जनावराने हिसका दिला की खोगीर मागून उचलले जाई, आणि ते खाली धरून ठेवण्यासाठी दुसरा तंग आला. कॅलिफोर्नियातील वाकेरो दोरी हॉर्नभोवती नुसती गुंडाळत आणि गरजेप्रमाणे सैल सोडत. हिसका त्या ढिलाईत मुरत असल्याने त्यांचे काम खोगिराच्या साधारण मध्यावर बांधलेल्या एकाच तंगावर भागे. आजही तंगाची कडी हॉर्नच्या सरळ खाली असते तेव्हा त्या बांधणीला ‘फुल’ म्हणतात. ती थोडी मागे सरकली की ‘सेव्हन-एट्थ्स’, त्याहून मागे ‘थ्री-क्वार्टर’ आणि मध्यावर आली की ‘सेंटर-फायर’. पुढे ओढलेल्या फुल बांधणीला मागच्या तंगाची सोबत असावी. आपण दोरकाम करत असाल किंवा तीव्र उतारांवर जात असाल, तर तो जरूर वापरावा. सपाट मैदानात सावकाश फिरण्यासाठी तो नसला तरी चालते.

वापरायचा असेल तर मात्र नीट वापरायला हवा, कारण अर्धवट लावलेला मागचा तंग हा नसलेल्या तंगापेक्षा कितीतरी धोकादायक असतो. तो पोटाला जेमतेम टेकलेला असावा. लोंबकळत राहिला तर माशी उडवताना घोड्याचा मागचा पाय त्यात अडकू शकतो. दोन्ही तंगांना पोटाखाली जोडणारी छोटी वादी असलीच पाहिजे. ती नसेल तर मागचा तंग मांड्यांच्या पुढच्या नाजूक भागाकडे सरकतो आणि शांत घोडाही उसळ्या मारू लागतो. बांधताना आधी पुढचा, मग मागचा, आणि सोडताना आधी मागचा, मग पुढचा, हा क्रम कधीही मोडू नये. मागच्या एकट्या तंगावर लटकलेले खोगीर बिथरलेल्या घोड्याच्या पोटाखाली गेले, तर घोडा आणि माणूस दोघांच्याही जिवावर बेतते.

पुढचा तंग एका दमात आवळू नये. आधी खोगीर हलणार नाही इतपत, मग चार पावले चालवून आणखी थोडा, आणि चढण्यापूर्वी शेवटचा. छातीपट्टा खोगीर मागे घसरू देत नाही, पण न बसणाऱ्या खोगिरावरचा तो उपाय नव्हे. तो श्वासनलिकेवर दाबत नाही ना, हेही पाहावे.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची घोडी लगाम ओढते आणि थांबत नाही. ॲरिझोनातील एका अनुभवी गृहस्थांनी अधिक कडक बिट, म्हणजे लगामाचा तोंडात बसणारा भाग, घालण्यास सुचवले. दुकानात ‘टॉम थंब स्नॅफल’ मिळते. ते मधल्या पायरीसाठी योग्य ठरेल का?

ते नाव दिशाभूल करणारे आहे. स्नॅफलमध्ये लगामाच्या वाद्या थेट मुखपट्टीच्या टोकाच्या कड्यांना जोडलेल्या असतात. हाताने एक किलोचा ओढा दिला की तोंडावर एक किलोचाच येतो. मुखपट्टी सांध्याची आहे की अखंड, यावर ती ओळख ठरत नाही. वाद्या खाली लोंबणाऱ्या दांड्यांना जोडल्या की ते कर्ब बिट होते आणि तरफ काम करू लागते. मुखपट्टीच्या वरचा भाग दीड इंच आणि खालचा साडेचार इंच असेल, तर हनुवटीखालच्या साखळीवर हाताच्या ओढीच्या सुमारे तिप्पट जोर येतो. टॉम थंबला दांड्या असतात, म्हणून ते स्नॅफल नाही. सांधा आणि तरफ एकत्र आल्यामुळे त्याचा इशारा घोड्याला बऱ्याचदा गोंधळात टाकणारा होतो. शिकाऊ हातांत ते देण्याचा सल्ला मी कधीही देणार नाही.

परंतु आपल्या प्रश्नाचे उत्तर दुकानात मिळण्यासारखे आहे, असेही मला वाटत नाही. नऊ वर्षांची घोडी ओढू लागली असेल तर सर्वप्रथम तिचे दात घोड्यांच्या पशुवैद्याकडून तपासून घ्यावेत. धारदार झालेल्या दाढांमुळे गालाच्या आत जखमा होतात आणि प्रत्येक ओढ वेदना देते. त्यानंतर वर सांगितल्याप्रमाणे पाठ आणि खोगीर तपासावे. दोन्ही ठीक असेल, तर तिला साध्या स्नॅफलवर, दोन हातांनी, बंदिस्त रिंगणात पुन्हा थांबायला शिकवावे. प्रथम बैठक स्थिर करावी, मग आवाज द्यावा, सर्वांत शेवटी वाद्या वापराव्यात आणि तिने किंचितही प्रतिसाद दिला की त्याच क्षणी हात सैल सोडावा. घोडा शिकतो तो या सैल सोडण्यातून. ज्या तोंडाला सुटका मिळत नाही ते तोंड बधिर होते आणि मग आजचे कडक बिट उद्या अपुरे पडते.

कॅलिफोर्नियातील वाकेरो परंपरेत हे शिक्षण वर्षानुवर्षे चालत असे. तरुण घोड्याच्या तोंडात काहीच घालत नसत. कच्च्या चामड्याचा विणलेला बोसाल नाकावर आणि घोड्याच्या केसांचा वळलेला मेकाटे हा दोर हातात, एवढ्यावर तो वळायला व थांबायला शिकत असे. बोसाल नाकाच्या हाडावर बसतो, खालच्या मऊ कूर्चेवर नाही. पुढे पातळ बोसालच्या जोडीने बिट येई आणि शेवटी केवळ बिट उरे. त्या परंपरेतील मधोमध जिभेसारखी उंच पट्टी असलेले स्पेड बिट पाहून पुष्कळांना धक्का बसतो. ते ओढण्यासाठी नसतेच. वर्षानुवर्षांच्या शिक्षणानंतर बोटांच्या हालचालीने इशारा देण्यासाठी ते असते आणि उतावळ्या हातांत ते क्रूर ठरते. या क्रमाची खूण आजच्या नियमांतही दिसते: १९४० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशनच्या स्पर्धांत पाच वर्षांपर्यंतच्या घोड्यांना स्नॅफल किंवा हॅकमोर, म्हणजे बोसालचा बिटाविना लगाम, घालून दोन हातांनी चालवण्याची मुभा असते.

पुढे कर्ब बिटाकडे जाल तेव्हा आखूड दांड्यांचे घ्यावे. साखळी सपाट बसावी, तिच्या आणि हनुवटीच्या मध्ये दोन बोटे मावावीत, आणि दांड्या साधारण ४५ अंश मागे आल्यावरच ती टेकावी. आणखी एक गोष्ट: कोणत्याही बिटाच्या वाद्यांनी घोडा खांबाला बांधू नये. तो दचकून मागे ओढला की जबडा आणि जीभ दोन्ही जखमी होतात. बांधण्यासाठी आत हॉल्टर, म्हणजे बिट नसलेली डोक्यावरची बांधणी, ठेवावा.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. मोठ्यांच्या खोगिरावर तिच्या रिकिबी सर्वांत आखूड केल्या तरी लांब पडतात. वादीला जास्तीची भोके पाडली तर चालेल का?

नको. वेस्टर्न खोगिराची रिकीब फेंडर नावाच्या रुंद चामडी पट्ट्याला लटकते आणि भोके वाढवली तरी फेंडर तेवढाच लांब राहून तिच्या पोटऱ्यांना अडतो. मुलांच्या मापाचे खोगीरच घ्यावे किंवा शिकवणाऱ्यांकडून मिळवावे. रिकिबीत उभी राहिल्यावर तिच्या आणि बैठकीच्या मध्ये हाताचा पंजा मावावा. रिकीब बुटापेक्षा साधारण एक इंच रुंद असावी आणि बुटाला टाच असावी, म्हणजे पाऊल आरपार जाऊन अडकणार नाही. पुढून चामड्याने बंद असलेल्या रिकिबी, ज्यांना तापादेरो म्हणतात, मुलांसाठी विशेष सुरक्षित आहेत.

प्रश्न : ओरेगॉनच्या दमट हवेत खोगिरावर बुरशी येते. दर महिन्याला भरपूर तेल लावतो, तरीही फरक पडत नाही.

तेलाचे प्रमाण हेच कारण असू शकते. जादा तेलाने चामडे लिबलिबीत होते, शिवण कमकुवत होते आणि बुरशीला खाद्यच मिळते. आधी ओल्या फडक्याने घाम व धूळ पुसावी, सॅडल सोपचा फेस अगदी थोड्या पाण्यात करून चोळावा, सावलीत वाळू द्यावे आणि चामडे कोरडे वाटले तरच नीट्सफूट तेलाचा, म्हणजे गुरांच्या पायांपासून काढलेल्या तेलाचा, पातळ हात द्यावा. पावसात भिजलेले खोगीर उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नये. त्याने चामडे तडकते. वारा खेळेल अशा जागी, पाठीच्या आकाराच्या स्टँडवर ते ठेवावे आणि प्लास्टिकने झाकू नये.

मोहेरचा, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांचा, तंग थंड पाण्यात धुऊन वाळवावा. लॅटिगो, म्हणजे तंग आवळण्याची डावीकडची लांब वादी, कडीपाशी जेथे दुमडते तेथे दर वेळी वाकवून पाहावी, आणि उजवीकडची आखूड वादीही तशीच तपासावी, कारण ती रोज सोडली जात नाही आणि नजरेआड झिजते. बारीक भेगा दिसल्या की तेल न लावता ती वादी बदलावी.