बावन्नाव्या वर्षी ट्रायथलॉन : एफडी मोडायची का?

प्रश्न : वय 52, पुणे. चाकणच्या कारखान्यात व्यवस्थापक आहे, निवृत्ती 58 व्या वर्षी. हातात पगार 1 लाख 10 हजार, कर्जाच्या हप्त्यासह घरखर्च 70 हजार, एसआयपी 25 हजार. 8 लाखांच्या एफडी आहेत, तीन पावत्यांत. मुलगी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला जाणार, फी 1 लाख 80 हजार. दोन वर्षांपूर्वी पोहायला शिकलो, 10 किलोमीटर धावतो. गोव्याच्या हाफ आयर्नमॅनला (पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायची ट्रायथलॉन शर्यत) उतरायचंय, मग परदेशात एक शर्यत. कार्बनची सायकल, कोच, साहित्य, प्रवास मिळून 6 लाख लागतील. पावत्या मोडू का? रक्तातली साखर सीमारेषेवर आहे, म्हणून मी याला तब्येतीतली गुंतवणूक समजतो. बायकोचा विरोध आहे.

उत्तर : ट्रायथलॉन जरूर करा. 6 लाखांच्या पावत्या मात्र मोडू नका.

आधी त्या 8 लाखांचं बघू. घरखर्च 70 हजार, म्हणजे सहा महिन्यांची तजवीज 4 लाख 20 हजार. ती अडीनडीची रक्कम, तिला हात लावायचा नाही. मुलीची फी 1 लाख 80 हजार. उरतात 2 लाख. तुमच्या छंदासाठी मोकळे आहेत ते एवढेच. मला वाटतं, तुमच्या पत्नीचा विरोध पोहण्या-धावण्याला नसून 6 लाखांतल्या वरच्या 4 लाखांना आहे, आणि तो रास्त आहे. म्युच्युअल फंड विकून ही रक्कम उभी करायचा विचार असेल तर तोही नको. इक्विटीतल्या दीर्घकालीन नफ्यावर वर्षाला सव्वा लाखाच्या वर 12.5 टक्के कर आहेच, शिवाय निवृत्तीला सहाच वर्षं उरली आहेत.

याला गुंतवणूक म्हणू नका, असा माझा आग्रह आहे. व्यायामाने साखर आटोक्यात येईल, डॉक्टरही तेच सांगतील. पण त्यासाठी कार्बनची सायकल लागत नाही. हा हौसेचा खर्च आहे. तीस वर्षं घर चालवलेल्या माणसाला हौसेवर खर्च करायचा पूर्ण हक्क आहे. एकदा खर्च म्हटलं की त्याची मर्यादा ठरवता येते. गुंतवणूक म्हटलं की कुठलाही आकडा समर्थनीय वाटायला लागतो.

आता सायकल. हाफ आयर्नमॅनमध्ये 1.9 किलोमीटर पोहणं, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणं, सगळं मिळून साडेआठ तासांत संपवायचं असतं. सायकलचा टप्पा 4 तासांत काढायचा तर ताशी साडेबावीस किलोमीटरचा वेग पुरतो आणि बाकीच्या दोन टप्प्यांना साडेचार तास राहतात. सराव केलेल्या माणसाला हा वेग अ‍ॅल्युमिनियमच्या साध्या रोड बाइकवर जमतो. हँडलला एअरोबार (कोपर टेकवून पुढे वाकून बसण्यासाठीचे दांडे) लावून घ्या आणि बाइक फिटिंगवर, म्हणजे सीट-हँडल तुमच्या शरीराच्या मापाने बसवून घेण्यावर, खर्च करा. पन्नाशीनंतर कंबर आणि गुडघा सांभाळायचा तर फिटिंग कार्बनपेक्षा जास्त उपयोगी आहे. हौस सोडून दिलेल्यांच्या चांगल्या सायकली पुण्यात सेकंडहँड मिळतात, फक्त जाणकाराला सोबत न्या. हेल्मेट, फिटिंग सगळं धरून लाखाच्या आत बसवा. तुमच्या साहित्यात वेटसूट (थंड पाण्यात अंग उबदार ठेवणारा पोहण्याचा पोशाख) धरला असेल तर तोही नको. गोव्यात शर्यत होते त्या मिरामारचा समुद्र इतका कोमट असतो की गोव्यासाठी तो लागत नाही. खोडून टाका.

कोच, तलावाची फी, बूट, टायर-ट्यूब हा चालू खर्च दरमहा 8–9 हजारांत ठेवा. तुमच्याकडे महिन्याला 15 हजार शिल्लक राहतात, त्यातूनच तो भागवा. एसआयपी थांबवायची नाही. कार्बनची सायकल आणि परदेश प्रवास गोव्याची शर्यत पूर्ण झाल्यावर. तोवर महिन्याला 3 हजारांचं आरडी सुरू करा. ते पुरणार नाही, पण मग बोनस आला की त्यात भर घालता येईल.

तुमच्या पत्रात ज्याचा उल्लेखच नाही ती गोष्ट मला सायकलपेक्षा महत्त्वाची वाटते : विमा. कंपनीचं आरोग्य कवच नोकरीसोबत संपतं. साखर आज सीमारेषेवर आहे, उद्या मधुमेहाचं निदान झालं की स्वतःची पॉलिसी महाग पडेल, कदाचित मिळणारही नाही. आधीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ, म्हणजे ज्यात त्या आजारांचा दावा मिळत नाही तो काळ, जास्तीत जास्त 3 वर्षांचा असतो. आत्ता दोघांची पॉलिसी घेतलीत तर 55 व्या वर्षीच त्यातून मोकळे व्हाल. अर्जात साखरेचे आकडे जसेच्या तसे लिहा, लपवलेत तर दावा अडकतो. अपघात विमाही घ्या, ज्यात काही काळ कामावर जाता आलं नाही तरी भरपाई मिळते. सायकलवरून पडून कॉलर बोन मोडणं हा या खेळातला नेहमीचा अपघात आहे. हौशी खेळाडू म्हणून शर्यतीत भाग घेतल्यास कवच लागू राहतं का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

सराव वाढवण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांकडून स्ट्रेस टेस्ट करून घ्या. तिचा खर्च या बजेटमध्येच धरा.

पत्नीशी बोलताना पैशांआधी वेळेचं बोला. आठवड्याला दहा-बारा तास घरातून वजा होणार, त्यात रविवारची सगळी सकाळ. कोणते दिवस तुमचे आणि कोणते घरचे, हे दोघांनी मिळून ठरवा आणि खर्चाचा हा आकडा त्यांच्यासमोर बसूनच लिहा.

तिन्ही पावत्यांच्या मुदती तपासा. जी सर्वांत आधी सुटते तिच्यातून फी आणि सायकल भागवा, म्हणजे मुदतीआधी मोडल्याचा दंड पडणार नाही. विम्याचा पहिला हप्ताही त्या मोकळ्या 2 लाखांतच बसवा. विमा कंपनीचं लेखी उत्तर आलं की मला पाठवा. सायकलचं बुकिंग त्यानंतर करा.